चौसष्टावा एक्स-रे

उबाल्दोच्या पाठीचा एक्स-रे फेलिसियानो मास्तरांनी मागायला नको होता. एवढं एक वाक्य लिहून ही गोष्ट संपवता आली असती, आणि खरं म्हणजे तिथेच संपायला हवी होती. पण शिकलेला माणूस माती खातो तेव्हा एका घासात खात नाही. सूत्रं मांडून, शेजाऱ्यांना समजावून सांगत, सावकाश खातो. अडाणी माणसाला ती चैन परवडत नाही. म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगतो.

त्र्याण्णव सालचा ऑगस्ट. क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक बंदर, सोव्हिएत मदत बंद पडल्यानंतरचं. वीज दिवसातून तीन-चार वेळा जायची आणि यायची तेव्हा उपकार केल्यासारखी यायची. कॉफीत निम्मे भाजलेले वाटाणे. बस नाही, साबण नाही, सुटे भाग तर स्वप्नातसुद्धा नाहीत. मास्तरांच्या इमारतीत अकरा घरं, आणि त्यातल्या सात घरांत एकाच जातीचा पंखा: रशियन धुलाई यंत्र मेलं की त्याची मोटर काढायची, तिला पत्र्याची तीन पाती ठोकायची, आणि जे सापडेल ते बूड म्हणून खाली लावायचं. जाळी वगैरे लाड नाहीत. मास्तरांचा पंखा सुरू झाला की टेबलावरून चालत चालत कडेपर्यंत यायचा, म्हणून त्याला टेबलाच्या पायाशी दोरीने बांधला होता. पाहुण्यांना वाटायचं, चावतो की काय.

जुलैत त्या पंख्याचा कपॅसिटर गेला. अख्खी इमारत त्याला कंडेन्सर म्हणायची. मास्तर एकटे कपॅसिटर म्हणायचे आणि समोरच्याचंही दुरुस्त करायचे. बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची, पण पाती हलायची नाहीत. झाडूच्या दांड्याने पात्याला जरा ढोसलं की मग गुमान फिरायची. मास्तरांची बायको नोएलिया पोस्टात नोकरी करायची आणि तिची याबद्दल काडीचीही तक्रार नव्हती. वीज आली की ती उठायची, दांडा लावायची, परत पडायची. तिच्या आयुष्यात याहून हट्टी माणसं तिने ढोसून चालवली होती. एक तर घरातच होता.

म्हणजे गरज कुणालाच नव्हती. हे लक्षात ठेवा.

एका दुपारी इमारतीच्या समितीची अध्यक्ष सोराइदा कसल्याशा सहीसाठी वर आली. सोराइदा म्हणजे भरभक्कम बाई. ती जिना चढायला लागली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं बातमी लागल्यासारखी सावरून बसायची. नेमकी तेव्हाच वीज आली आणि नोएलियाने दांडा उचलला.

"अगं बाई! तुमच्याकडेही झाडूच?" सोराइदा दारातच थबकली. "मला वाटलं, फिजिक्सच्या मास्तरांकडे तरी पंखा विज्ञानाने सुरू होत असेल."

"हेही विज्ञानच आहे," मास्तर म्हणाले. "बाहेरून दिलेलं बल."

"मग माझी आई शास्त्रज्ञच म्हणायची. आम्हा चौघांना तिने बाहेरून बल देऊनच वाढवलं."

नोएलिया हसली. बायको हसली नसती तर मास्तरांनी तो टोमणा गिळला असता. सव्वीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला टोमणे पचवता येतात. पण ती दांडा हातात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मोटर पिशवीत घालून सरकारी दुरुस्ती केंद्रात गेले. दारात, रिवाजाप्रमाणे, "शेवटचा कोण?" असं विचारून ज्याने हात वर केला त्याच्या मागे आपला नंबर लावला. तीन तासांनी खिडकीशी पोचले. आतल्या माणसाने मोटर बघितली, मास्तरांना बघितलं, आणि रजिस्टर उघडलं.

"धुलाई यंत्र कुठाय?"

"धुलाई यंत्र नाही. हा पंखा आहे."

"ही धुलाई यंत्राची मोटर आहे."

"होती. आता पंख्याची आहे."

"माझ्या यादीत असा पंखा नाही. धुलाई यंत्र आणा, तपासनीस बघेल, भाग निकामी असल्याचा दाखला देईल, मग तुमचं नाव प्रतीक्षा यादीत."

"आणि यंत्र नसेल तर?"

"तर मग," तो माणूस हळू आवाजात, काळजीने म्हणाला, "ही मोटर तुमच्याकडे आली कुठून, असा प्रश्न निघेल. मी काढणार नाही. पण निघेल."

मास्तर मोटर घेऊन घरी आले. त्यांच्या जागी दुसरा कुणीही उबाल्दोकडे गेला असता. उबाल्दो खालच्या मजल्यावर राहायचा, बंदरात हमाल होता, आणि गोदीतल्या अर्ध्या लोकांना ओळखायचा. आठवड्याभरात त्याने कुठूनतरी जुना कपॅसिटर पैदा केला असता. पण मास्तरांनी जिन्यातच जाहीर करून टाकलं:

"कपॅसिटर म्हणजे काय असतं हो? दोन धातूचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारं काहीतरी. सव्वीस वर्षं शिकवतोय. घरी करीन!"

शिकवणं आणि करणं यांत किती अंतर असतं हे शिकवणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्या फळ्यावर सगळं जमतं.

जिन्यातली मंडळी सरकून बसली. एरवी त्या वेळी तिथे डॉमिनो चालायचा, पण वीज नसताना मास्तरांचं भाषणही चाललं असतं.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "समजा समोरासमोर दोन बाल्कन्या आहेत. एकीत सोराइदा, दुसरीत समोरच्या इमारतीतली ती लाल केसांची."

"तिचं नाव काढू नका," सोराइदा म्हणाली.

"झालं! हाच तो ताण! आता दोघींकडे एकमेकींबद्दलच्या चुगल्या साठतात. बाल्कनी जितकी लांबरुंद, तितक्या बायका उभ्या राहणार आणि तितक्या चुगल्या साठणार. पत्र्याचं क्षेत्रफळ वाढलं की धारकता वाढली. आता मधली गल्ली अरुंद करा. समोरची तोंडासमोर आली की आणखी जोर चढतो ना? अंतर कमी, तर धारकता जास्त. आणि गल्लीत नुसती हवा असण्यापेक्षा कान लावून बसलेले लोक असले की आणखी साठतात. म्हणून मध्ये हवेऐवजी चांगला पदार्थ घालायचा."

"आणि एखादी गल्ली ओलांडून समोर गेली तर?" उबाल्दोने विचारलं. तो खालच्या पायरीवर, पाठ भिंतीला चिकटवून ताठ बसला होता. त्याला वाकून बसता येत नसे.

"जाता कामा नये. गेली की भडका. खेळ खलास."

"म्हणजे अंतर कमी करायचं, पण फार कमी नाही."

"बरोबर," मास्तर म्हणाले. चांगल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी उबाल्दोकडे बघितलं. त्या क्षणी त्यांनी स्वतःचंच उत्तर ऐकलं असतं तर!

पत्रे मिळाले छापखान्यातून. कागद नाही म्हणून जिल्ह्याचं वर्तमानपत्र आता आठवड्यातून एकदाच निघायचं, आणि छापून झालेले अल्युमिनियमचे पत्रे मागे थप्पीने पडायचे. लोक त्यांनी कोंबड्यांची खुराडी शाकारायचे. मास्तरांना मात्र ते रीतसर हवे होते. 'अध्यापन साहित्य' म्हणून अर्ज. अर्जावर शाळेचा शिक्का हवा, शाळेला सुट्टी. मग सोराइदाने समितीचा शिक्का मारला, छापखान्यातल्याने उलटा धरून वाचला, आणि म्हणाला, "मास्तर, अर्ज न करता आला असतात तर काल दिले असते. आता अर्ज आहे म्हणजे वर पाठवावा लागेल." पाच दिवसांनी पासष्ट पत्रे मिळाले. प्रत्येकावर उलट्या अक्षरांत ऊस, दूध आणि कोंबड्यांची अंडी यांचं विक्रमी उत्पादन. नोएलियाने एक पत्रा आरशासमोर धरून वाचला आणि म्हणाली, "जेवण झालं माझं."

आता मध्ये घालायला काय? प्लॅस्टिकच्या पिशव्या घरोघरी होत्या, पण त्या वर्षानुवर्षं धुऊन, वाळवून, परत वापरलेल्या. उजेडात धरल्या की आकाशातले तारे दिसायचे. एक भोक म्हणजे एक भडका. मग मास्तरांना सुचलं, आणि सुचलं ते दुर्दैवाने उत्तम होतं: एक्स-रेच्या फिल्मा. जाड, एकसारख्या, वीज अडवणाऱ्या, आणि पत्र्याच्या मापाच्या. आमच्याकडे माणूस मरतो पण त्याचा एक्स-रे गादीखाली जिवंत राहतो. इमारतभर हाक गेली आणि पाटावर हाडांचा ढीग लागला. फुप्फुसं, गुडघे, एक कवटी, सोराइदाच्या सासूचा खुबा ("घ्या, तसाही तिचा मला उपयोग नाही"), आणि कुणाच्या तरी कुत्र्याचा मोडलेला पाय.

मास्तरांनी मोजल्या. त्रेसष्ट.

गणित म्हणत होतं चौसष्ट. आणि मास्तरांनी ते जिन्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे चौसष्टाच्या जागी त्रेसष्ट असत्या तर पंख्याला कळलंही नसतं. मास्तरांना हे माहीत होतं. एक पत्रा काढून ठेवायचा, संपलं. पण ज्याने आकडा जाहीर केला त्याला तो आकडा फार प्यारा होतो, मग तो मंत्री असो नाहीतर मास्तर.

ते खाली उबाल्दोकडे गेले.

उबाल्दोकडे एक एक्स-रे आहे हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, कारण उबाल्दोचा निवृत्तिवेतनाचा अर्ज त्यांनीच आपल्या सुरेख अक्षरात लिहून दिला होता. दोन वर्षांपूर्वी गोदीत तांदळाच्या गोण्यांची चळत उबाल्दोच्या पाठीवर कोसळली होती. एक मणका चेपला. ते सांगणारी ही एकच फिल्म होती. रुग्णालयातली नोंदवही पावसात भिजून गेलेली. पुढच्या गुरुवारी वैद्यकीय मंडळासमोर त्याची तारीख होती. मंडळाने हो म्हटलं की निवृत्तिवेतन, घरी आराम. नाही म्हटलं की परत गोण्या. आणि नवा एक्स-रे काढायची सोय नव्हती, कारण त्या वर्षी रुग्णालयात फिल्माच नव्हत्या.

"बुधवारी संध्याकाळी परत देतो," मास्तर म्हणाले. "तुझी सगळ्यात वर ठेवतो. काढायला सोपी."

उबाल्दोची बायको आतून काहीतरी म्हणाली. उबाल्दोने तिला हाताने थांबवलं. "अगं, मास्तर आहेत," तो म्हणाला.

त्याने फिल्म पाकिटातून काढून दिली. पाकीट मात्र स्वतःकडे ठेवलं; म्हणाला, "परत आली की घालतो." मास्तरांनी वर जाऊन सगळ्या फिल्मा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढल्या, कारण घाण आणि ओल म्हणजे गळती. बोटांचे ठसे गेले, सासूच्या खुब्यावरचं तेल गेलं, आणि कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलेली माणसांची नावंही गेली. मग फिल्मा बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. समुद्राच्या वाऱ्यावर चौसष्ट सांगाडे हलायला लागले. रस्त्यावरून जाणारी एक म्हातारी छातीवर क्रूस करत पलीकडच्या फुटपाथवर गेली.

शनिवारी थप्पी उभी राहिली. पत्रा, फिल्म, पत्रा, फिल्म. एकाआड एक पत्रे एका तारेला, उरलेले दुसऱ्या तारेला. सगळी इमारत खोलीत. मास्तरांनी वीज येण्याची वाट बघितली, आणि आली तेव्हा गंभीर चेहऱ्याने बटण दाबलं.

मोटर घुमली. पाती जागच्या जागी.

"झाडू देऊ?" नोएलियाने विचारलं.

"हवा!" मास्तर ओरडले. "मध्ये हवा राहिलीये! पत्रे वाकडेतिकडे आहेत, फिल्मा फुगल्यात, अंतर वाढलंय. दाब द्यायला हवा."

वर फळी ठेवली. फळीवर विश्वकोशाचे नऊ खंड ठेवले. पाती थरथरली. मास्तरांची इस्त्री ठेवली. पाती आणखी थरथरली. मग सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच दिशेला वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" सोराइदा म्हणाली.

"विज्ञानासाठी," मास्तर म्हणाले.

"आत वीज आहे ना?"

"फळी आहे, वर उशी देतो. काही होणार नाही."

"मेले तर सासूच्या शेजारी पुरू नका," असं बजावून सोराइदा विश्वकोश बाजूला सारून फळीवर बसली. आणि पंखा फिरला! कुणी हात न लावता, हळू, मग जोरात, दोरीला ताण देत. टाळ्या पडल्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. नोएलियाने दांडा कोपऱ्यात ठेवला आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "मानलं." त्या एका शब्दासाठी मास्तरांनी हे सगळं केलं होतं. तिथे थांबायचं होतं. फिल्मा वाटून टाकायच्या, उबाल्दोची खाली नेऊन द्यायची. पण मान मिळाला की माणसाला वाटतं आणखी मिळेल.

पुढचे दोन दिवस वीज आली की मास्तर जिन्यातून हाक मारायचे: "सोराइदाऽऽ, आली!" आणि ती धापा टाकत वर यायची, पंखा सुरू होईपर्यंत बसायची, कॉफी प्यायची आणि जायची. सोमवारी दिवसातून चारदा वीज गेली. चौथ्यांदा ती आली ती कमरेवर हात ठेवून.

"मास्तर, मी या इमारतीची अध्यक्ष आहे. तुमच्या पंख्याचा सुटा भाग नाही."

म्हणून मंगळवारी जॅक आला. ट्रकचा. आणून दिला, अर्थातच, उबाल्दोने. गोदीतल्या एका ड्रायव्हरकडून. तीन मजले त्याने तो स्वतः वाहून आणला, कारण मास्तरांना पेलवेना. त्या पाठीने. हे मी पुन्हा सांगणार नाही, एकदाच सांगून ठेवतो.

थप्पी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, वर फळी, फळीवर जॅक, आणि जॅक ते वरची चौकट यांत एक जाड वासा अडकवला. नोएलियाला आता स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन, पोट आत घेऊन जावं लागायचं. पण पंखा आपोआप सुरू व्हायचा. मास्तर जॅकचा दांडा एकेक आटा फिरवायचे आणि पात्यांचा आवाज चढायचा.

बुधवारी दुपारी उबाल्दो दारात आला. "मास्तर, फिल्म?"

"संध्याकाळी, म्हणालो ना. जरा बघ तर खरं, काय वेग आलाय!"

"चांगलाय की."

"आणखी वाढतो. थांब, दाखवतो."

"राहू द्या मास्तर. फार जवळ आणलं की भडका, तुम्हीच..."

"ती वेगळी गोष्ट," मास्तर म्हणाले.

"फेलिसियानो, पुरे," नोएलिया म्हणाली.

मास्तरांनी आणखी एक आटा दिला. पंखा खरंच वाढला. आणखी एक दिला. वरच्या पत्र्याच्या कापलेल्या कडेला एक बारीक टोक राहिलं होतं, केसाएवढं. ते फिल्ममध्ये घुसलं. निळा लखलखाट झाला, बंदूक उडावी तसा आवाज आला, अकरा घरांचा फ्यूज गेला, आणि पंखा दोरी तोडून टेबलावरून खाली उडी मारून गप्प झाला. खालून सोराइदाचा आवाज आला: "मास्तर, जिवंत आहात का? असाल तर वर येऊन मारते!"

धूर विरल्यावर उबाल्दोने स्वतः जॅक उतरवला. फळी काढली, पत्रा उचलला. चौसष्ट फिल्मांपैकी त्रेसष्ट धडधाकट होत्या. कुत्र्याचा पायसुद्धा. सगळ्यात वरच्या फिल्ममध्ये पैशाएवढं भोक होतं, कडा वितळलेल्या, बरोबर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या जागी. उबाल्दोने ती खिडकीशी धरली. भोकातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती.

"चालेल मास्तर," तो म्हणाला. "वरचं खालचं दिसतंय. विचारलं तर सांगू, सिगारेट लागली."

गुरुवारी सकाळी ते स्वच्छ शर्ट घालून उबाल्दोबरोबर निघाले. उबाल्दोने दोनदा सांगितलं की येऊ नका, गरज नाही. त्याची बायको तर दारात आडवी उभी राहिली. पण मास्तरांना वाटत होतं, आपली जबाबदारी आहे. जबाबदारीची आठवण व्हायची वेळ बघा.

मंडळ म्हणजे एक टेबल, एक डॉक्टरीणबाई आणि फाइल घेऊन बसलेला एक बारीक मिशीवाला. बाईंना घाई होती. त्यांनी उबाल्दोला वाकायला सांगितलं. तो गुडघ्यापर्यंतही पोचला नाही. त्यांनी फिल्म उजेडात धरली.

"हे भोक कसलं?"

"सिगारेट, डॉक्टर."

"मणका तर मणका, फुप्फुसंही जाळताय," बाई म्हणाल्या. "सोडा ती. बाजूचे मणके सरकलेत ते दिसतंय मला." आणि त्यांनी शिक्का उचलला.

शिक्का हवेत होता. शाईत बुडवून झालेला. मास्तर भिंतीशी उभे होते. त्यांनी तोंड मिटून चार सेकंद काढायचे होते, फक्त चार. पण रात्रभर ती लबाडी त्यांना सलत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची होती.

"माफ करा," ते म्हणाले. "सिगारेटचं भोक असं नसतं. कडा बघा. हा विजेचा आघात आहे. दोष माझा आहे, त्याचा नाही."

उबाल्दोने डोळे मिटले.

"तुम्ही कोण?" मिशीवाल्याने विचारलं.

मग मास्तरांनी सांगितलं. सगळं सांगितलं. क्षेत्रफळ, अंतर, मधला पदार्थ, दाब दिला की हवा कशी जाते, आणि अंतर मर्यादेपेक्षा कमी झालं की काय होतं. हाताने बाल्कन्याही दाखवल्या. बाई आ वासून ऐकत होत्या. मिशीवाला लिहून घेत होता. इतकं मन लावून त्यांचं सव्वीस वर्षांत कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"म्हणजे ही फिल्म सहा दिवस तुमच्या ताब्यात होती."

"हो."

"आणि अशाच आणखी त्रेसष्ट. वेगवेगळ्या माणसांच्या."

"एक कुत्रा होता," मास्तर म्हणाले. त्यांना तंतोतंत बोलायची सवय होती.

मिशीवाल्याने फिल्म उलटसुलट केली. "यावर नाव नाही. मग ही यांचीच कशावरून?"

मास्तरांनी तोंड उघडलं. स्पिरिटचा बोळा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"माझी पाठ आहे साहेब," उबाल्दो म्हणाला. "मी ओळखतो."

मिशीवाला हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शिक्का डबीत ठेवला, हळूच, आवाज न करता. "नवीन एक्स-रे आणा," त्या म्हणाल्या. "मला आता दुसरं काही करता येणार नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "उबाल्दो, मी..." उबाल्दो म्हणाला, "असू दे मास्तर. तुम्ही खरं तेच बोललात." तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, ढकललं असतं, तर मास्तरांना रात्री झोप तरी लागली असती. सोमवारी सकाळी साडेसहाला उबाल्दो सायकलवर बसून गोदीत गेला. बसला म्हणजे, बायकोने सायकल धरली आणि तो टप्प्याटप्प्याने बसला.

मास्तरांनी मग आपल्या परीने प्रायश्चित्त सुरू केलं. शाळा उघडली तरी दर सोमवारी सकाळी ते रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात जायचे, "शेवटचा कोण?" विचारायचे, आणि दोन-अडीच तासांनी खिडकीतल्या मुलीला विचारायचे, "फिल्मा आल्या?"

"नाही."

"कधी येतील?"

"येतील तेव्हा. आणि रोगी कुठाय? रोग्याने स्वतः यायला हवं."

"तो कामावर आहे."

"कामावर जाऊ शकतो, तर मग एक्स-रे कशाला?"

मास्तर घरी यायचे. इमारतीत लोक त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, पण कुणी काही समजावून सांगा म्हणायचं नाही, आणि जिन्यात डॉमिनो पुन्हा सुरू झाला होता. एकदा सोराइदाच भेटली. टोमणा मारेल म्हणून मास्तर तयार होते. ती एवढंच म्हणाली, "काल पिठाची बोट होती. पन्नास किलोच्या गोण्या," आणि जिना उतरून गेली.

अकरा सोमवार गेले. बाराव्या सोमवारी खिडकीतली मुलगी म्हणाली, "आल्यात. बोलवा तुमच्या माणसाला. संपायच्या आत."

मास्तर गोदीपर्यंत पळत गेले. छप्पन्न वर्षांचा माणूस, स्वच्छ शर्ट, भर उन्हात पळत. उबाल्दोला त्यांनी त्याच्याच सायकलच्या दांडीवर बसवून आणलं. एक्स-रे निघाला. तंत्रज्ञाने ओली फिल्म चिमट्यात धरून उजेडासमोर नेली, आणि मास्तर पुढे झाले. अशा गोष्टी वाचायला डॉक्टर लागत नाही. पहिल्या फिल्ममध्ये एक मणका चेपलेला होता. या फिल्ममध्ये दोन होते, आणि त्या दोघांमधली जागा, जिथे बारीक काळी फट दिसायला हवी, ती जवळपास राहिलीच नव्हती.

मंडळ शुक्रवारी बसलं. तेच टेबल, त्याच बाई. मिशीवाला रजेवर होता. बाईंनी फिल्म धरली आणि भुवया उंचावल्या. तपासायलासुद्धा सांगितलं नाही. शिक्का एकदा मारला, दोनदा मारला, सही केली. चार मिनिटंही लागली नाहीत.

"इतकी स्पष्ट केस मी वर्षभरात बघितली नाही," त्या कागद पुढे करत म्हणाल्या. "हा दुसरा मणका तर अगदी ताजा आहे. अहो, अशा पाठीने तीन महिने गोण्या उचललात? थांबलात कशाला इतके दिवस?"

मास्तर भिंतीशी त्याच जागी उभे होते. या वेळी त्यांना विचारलं नव्हतं, पण मागच्या वेळी तरी कुठे विचारलं होतं?

उबाल्दोने कागदाची घडी घातली, नीट खिशात ठेवली, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठायला लागला. मास्तर पुढे आले आणि त्यांनी त्याचा दंड धरला.

"काम होतं, डॉक्टर," उबाल्दो म्हणाला.

मास्तर काही बोलले नाहीत.